एक बॉबिन बसायचं

५ फेब्रुवारी

टाचणे,

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र एवढंसं आणि वेळापत्रक हे एवढं मोठं. घड्या उलगडता उलगडता माझा चहा गार झाला. हिरव्या शाईत शिवण, लाल शाईत जेवण आणि पिवळ्या शाईत "विचार". विचार करायला वेगळी वेळ काढणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. आम्ही विचार भांडी घासताना उरकायचो.

आता मला समजलं ते असं. कारखान्यात दिवसभर नुसत्या कॉलरी शिवून तू विटलीस आणि नोकरी सोडलीस. बरं केलंस. सायकलच्या दुकानावरची खोली घेतलीस, माझी जुनी मशीन नेलीस. तेही बरं. मुलांच्या नाट्यगृहाचा नवा पडदा शिवायचं काम मिळवलंस. मे महिन्यात त्यांचं पहिलं नाटक. तोवर पडदा टांगला गेला तर पुढचे सगळे पोशाख तुझ्याकडे, नाही तर तू परत कॉलरींकडे. इथवर सगळं नीट आहे. मग मखमल येऊन महिना झाला तरी ती अजून गठ्ठ्यातच का?

तू लिहितेस, मन लागत नाही. कारखान्यात भोंगा वाजला की हात आपोआप चालायचे, इथे भोंगा नाही. मशीनसमोर बसतेस, मग पाणी प्यायला उठतेस, मग खिडकी पुसतेस, आणि बघता बघता दिवस मावळतो. खिडकी चकचकीत झाली असेल.

अगं, मन काय बटण आहे, लावलं की लागलं? मी मशीनसमोर बसले ती काही मन लागलं म्हणून नाही. घरात चार पोरं. तुझ्या आजोबांची रात्रपाळी, म्हणजे दिवसा त्यांची झोप सांभाळायची. भिंतीवरचं घड्याळ कायमचं बंद. मग मी वेळ बॉबिनीवर मोजायची. एक बॉबिन भरायची आणि बसायचं. तिच्यातला दोरा संपेपर्यंत उठायचं नाही. पोरगं रडलं तर थोडं रडू द्यायचं. दूध उतू गेलं तरच उठायचं. आणि दोरा संपला की मात्र उठायचंच, मग हात कितीही रंगात आलेला असो. पोरांचं बघायचं, चुलीवरचं बघायचं, पाठ सरळ करायची. पुन्हा एक बॉबिन. असा दिवस जायचा आणि कपडेही शिवून व्हायचे.

आणखी एक. बॉबिनीतला दोरा संपला हे मशीन सांगत नाही. सुई वरखाली होत राहते, खडखड तीच, कापडाला भोकंही पडतात. फक्त शिवण पडत नाही. तुझं ते रंगीबेरंगी वेळापत्रक तसलंच आहे.

फोन करू नकोस. फोनवर "हो आजी, हो आजी" करतेस आणि ठेवला की विसरतेस. लिहिलं की कागद तरी समोर राहतो. ओळी वर चढल्यात तिकडे लक्ष देऊ नकोस. टेबल हलतं.

आजी


१३ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र आलं आणि मी लगेच कामाला लागले! वेळापत्रक भिंतीवरून काढून टाकलं. खालच्या सायकलवाल्या काकांनी ते मागून घेतलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर "हवा फुकट" असं लिहून त्यांनी ते दुकानाबाहेर लावलंय.

मग बाजारात जाऊन बॉबिनींचा अख्खा डबा आणला. चार दुकानं हिंडून मखमलीशी जुळणारा जांभळा दोरा शोधला. आणि काल दिवसभर बसून सगळ्या बॉबिनी भरल्या. काय बरं वाटत होतं म्हणून सांगू! कित्येक दिवसांनी वाटलं, आज आपल्या हातून काहीतरी झालं. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने लावल्या आहेत. ऊन पडलं की चमकतात. आता नुसतं बसायचं बाकी आहे.

काका येता-जाता विचारतात, "काय ताई, पडदा उघडला का?" मी म्हणते, "आधी शिवू तरी द्या." काल नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला होता. "निम्मा झाला असेल ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "होतोय." आजी, होतोय हे काही अगदीच खोटं नाही ना?

टेबल हलतं तर सुताराला का बोलवत नाहीस?

तुझी टाचणी


२० फेब्रुवारी

टाचणे,

शाबास. बसायला सांगितलं तर बाईसाहेबांनी पाटांचं दुकान घातलं. बॉबिन रिकामी कर म्हटलं होतं, भरून सजव म्हटलं नव्हतं. भरलेली बॉबिन म्हणजे न केलेलं काम. न केलेली कामं खिडकीत ओळीने मांडायची आणि वर म्हणायचं चमकतात!

तुझं पत्र मी कंपाउंडरकडून वाचून घेतलं. खालच्या मजल्यावर राहतो तो, दवाखान्यातून निवृत्त झालेला. माझा चष्मा कुठेतरी पडला होता. डब्याच्या ठिकाणी तो इतका हसला की ओळच चुकला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आलं. पत्रात दोरा आहे, डबा आहे, ऊन आहे, सायकलवाला आहे, त्या बाई आहेत. कात्री नाही. आधीच्या पत्रातही नव्हती. शिवण्याआधी कापावं लागतं हे तू विसरली असशील, कारखान्यात कापलेलंच हातात यायचं. मी नाही विसरले.

तुझं मन जागेवर आहे, बाई. ते कुठे पळालेलं नाही. तू घाबरली आहेस. आळशी माणूस खिडक्या पुसत नाही, झोपा काढतो.

घाबरलेल्या हाताला मोठं काम देऊ नये, फेकायचं काम द्यावं. मखमलीला कडेला ती घट्ट किनार असते ना, जी आपण शेवटी काढूनच टाकतो? उद्या फक्त ती काप. चुकली तरी कचराच. कात्रीला कापडाची चव लागू दे आणि हाताला कात्रीची. मग कात्री ठेवून दे आणि त्या दिवशी दुसरं काही करू नकोस. खिडकी तर मुळीच पुसू नकोस.

सोबत टाचण्या टोचायची उशी पाठवते आहे. दुपारी बसल्या बसल्या शिवली. टाचणीला उशी, दुसरं काय देणार. हल्ली सुयांची नाकं फार बारीक करायला लागलेत. एक सुई ओवायला अख्खी सकाळ गेली. कंपनीला खडसवायला हवं.

आजी


१ मार्च

आजी,

तुझं पत्र वाचलं आणि गठ्ठ्यावरच बसून राहिले. हो, घाबरले आहे.

मखमलीला लव असते, तुला काय सांगायचं. एका बाजूने हात फिरवला तर गर्द जांभळी, उलट फिरवला तर फिकट, राखाडी. सगळे तुकडे एकाच दिशेचे हवेत. एक जरी उलटा गेला तर दिव्यांच्या उजेडात पडद्यावर पट्टा उठून दिसेल. आणि कापड अगदी पुरेल एवढंच आहे. गिरणीने हा रंग बंद केलाय. कारखान्यात एकदा एका बाईकडून मखमलीच्या कॉलरी उलट्या कापल्या गेल्या होत्या. सगळा माल फेकून दिला आणि साहेबांनी तिला आमच्या सगळ्यांसमोर उभं केलं. ती नुसती स्वतःच्या हातांकडे बघत होती. कात्री उचलली की मला तीच दिसते.

किनार कापली. आज, एका बाजूची पूर्ण. हात थरथरला, पण कापली. तिची गुंडाळी करून तुझ्या उशीशेजारी ठेवली आहे.

आता उशीचं. आजी, तीन बाजू निळ्या दोऱ्याने शिवल्यास आणि चौथी हिरव्या. माझ्या शाळेच्या फ्रॉकला दोरा जरासा फिका लागला म्हणून तू अख्खी शिवण उसवली होतीस! टेबल हलतं, चष्मा पडतो, सुयांची नाकं बारीक होतात. माझ्या पत्रांत कात्री नव्हती, तशी तुझ्या पत्रांत डोळ्यांची डॉक्टरीण कुठे आहे? मोतीबिंदू पिकलाय, काढून टाका, असं ती मागच्या वर्षीच म्हणाली होती ना? तू म्हणालीस, "उन्हाळा संपू दे." तो उन्हाळा संपला, आता दुसरा दारात आलाय. खरं सांग, घाबरलेली मी एकटीच आहे का?

टोचल्याबद्दल रागावू नकोस. नाव तूच ठेवलंयस.

तुझी टाचणी


८ मार्च

टाचणे,

उशीला दोरा मी मुद्दाम वेगळा लावला. शोभेसाठी.

डोळे माझे आहेत, माझं मी बघेन. दिसतंय तोवर कापाकापी कशाला? आणि सध्या मला वेळ नाही. आधी गाद्यांच्या खोळी धुवायच्या आहेत, मग माळा आवरायचा आहे, मग खिडक्या पुसायच्या आहेत.

हे शेवटचं लिहिलं आणि पेन हातातच राहिलं. खोडणार होते, पण खोडलेलं तुला दिसणारच. राहू दे.

पत्र इथेच पुरे करते. मला राग आला आहे. कुणाचा ते उद्या ठरवीन.

आजी


३० मार्च

चि. टाचणीताई,

खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरचा नमस्कार. मावशी सांगतायत आणि मी लिहितोय. माझं अक्षर डॉक्टरांच्या संगतीत बिघडलंय, सांभाळून घ्या. मध्ये कंसात जे येईल ते माझं आहे. ते मावशींना वाचून दाखवणार नाही.

टाचणे, मध्ये पत्र लिहिलं नाही कारण कामात होते. एक डोळा करून टाकला. त्यावर पट्टी आहे. दुखलं वगैरे काही नाही. आणि मी घाबरले नव्हते. (आत नेईपर्यंत माझा हात सोडला नाही. माझी बोटं अजून वाकत नाहीत.)

त्या डॉक्टरणीने आपल्या हाताखालच्या डॉक्टरला पुढे केलं. मिसरूड न फुटलेलं पोर. मी विचारलं, "बाळा, तुझा हात थरथरतो का रे?" म्हणाला, "नाही आजी." म्हटलं, मग चालू दे. आमच्याकडे एकीचा थरथरतो, तेवढा पुरे आहे. (नर्सबाईंना म्हणाल्या, "आधी मीच कापून घेते, म्हणजे आमच्या पोरीला सबब उरणार नाही.")

आता मला वाचता येत नाही, शिवता येत नाही, वाकायचंसुद्धा नाही. नुसतं पडून राहायचं काम आहे. तेही मी बॉबिनीच्या हिशेबानेच करते. एक बॉबिन झोपते, एक बॉबिन कंपाउंडरला बोलते. (दुसऱ्या बॉबिनीत दोरा जास्त आहे.)

तुझ्या त्या पडद्याची मला काही काळजी नाही. (रोज जिन्यात पाऊल वाजलं की विचारतात, टपाल आलं का.) पण मे महिन्यात मी येणार आहे. कंपाउंडर घेऊन येईल, त्याला काही काम नाही. या नव्या डोळ्याने मला एक गोष्ट धडपणे बघायची आहे, आणि ती कंपाउंडरचं तोंड नव्हे. मी माझी पाळी उरकली. आता तुझी.

आजी

(ताई, खोळी धुतल्या नाहीत, माळाही तसाच आहे. खिडक्या मात्र पुसल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सगळ्या.)


७ एप्रिल

आजी,

तुमचं दोघांचं पत्र पायरीवरच वाचलं, वर गेले आणि गठ्ठा सोडला.

मखमल पसरल्यावर खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. खाट भिंतीला उभी केली. कापडाच्या मागच्या बाजूला खडूने बाण काढले आणि पहिला तुकडा कापला. कात्री सरळ गेली. कापताना बॉबिन कशी मोजायची कळेना, म्हणून एक तुकडा म्हणजे एक बॉबिन असं धरलं. एक कापायचा, खाली जाऊन काकांच्या दुकानाला चक्कर मारायची, वर येऊन दुसरा. सगळे कापून झाले तेव्हा मला वाटलं, एवढंच होतं?

मग ते काकांच्या दुकानामागच्या अंगणात दोरीवर चिमट्यांनी टांगले. आणि आजी, चौथा तुकडा उलटा होता. सगळे गर्द जांभळे, मधला तेवढा फिकट. बाणच चुकीच्या टोकाला काढला होता. ज्याला तीन महिने घाबरत होते तेच झालं. मी तिथेच पायरीवर बसून भोकाड पसरलं. काकांनी पंक्चर घेऊन आलेल्या माणसाला "उद्या या" सांगितलं आणि माझ्याशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

नाक लाल होईपर्यंत रडले आणि तुकडा काढायला उठले. चिमटे काढताना तो हातातून निसटला. खाली लोळायला नको म्हणून जे टोक हाती आलं ते धरलं आणि तसाच परत टांगला. तर तो जांभळा झाला!

पडदा म्हणजे काय, लांबच लांब सरळ तुकडे. वरचं टोक खाली केलं की लवही फिरते. कॉलर फिरवता येत नाही, बाही फिरवता येत नाही. पडद्याचा तुकडा फिरवता येतो. तो उलटा कापला जाणं शक्यच नव्हतं, आजी! कॉलरीची भीती मी पडद्याला घालून बसले होते. आधी हसायला आलं, मग पुन्हा रडू आलं. काका म्हणाले, "ताई, काय ते एक ठरवा, म्हणजे मला दुकान उघडता येईल."

उद्यापासून मशीन. पट्टी सुटली का? आणि कंपाउंडरकाकांची बोटं कशी आहेत?

तुझी टाचणी


१५ एप्रिल

टाचणे,

हे पत्र मी वाचलं. मी स्वतः, खिडकीशी बसून, एका डोळ्याने. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाला होता, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. ते बाहेरून जाणाऱ्या पाण्याबद्दल असावं. आतून येणाऱ्याबद्दल तो काही बोलला नव्हता.

आणि मी तरी काय? जन्म गेला मशीनवर, पण मलाही सुचलं नाही. मखमल म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांसमोर बाह्या आणि कॉलरीच. दोघी मिळून एका सरळ कापडाला घाबरलो. कुणाला सांगू नकोस.

उशीसाठी वापरलेल्या दोऱ्यांची रिळं काढून पाहिली. एक निळं, एक हिरवं, डोंगराएवढा फरक. टेबलही हलवून पाहिलं. चांगलं घट्ट आहे.

कंपाउंडरच्या बोटांना काय झालंय? विचारलं की नुसता हसतो.

आता उत्तर लिहू नकोस. पत्रालाही एक बॉबिन जाते. शिव.

आजी


४ मे

आजी,

तू सांगितलंस म्हणून लिहिलं नाही. आज लिहिते, कारण बॉबिनींचा कट्टा रिकामा झाला.

काही दिवस मन लागलं, काही दिवस अजिबात नाही. न लागलेल्या दिवशीही एक बॉबिन बसले. गंमत म्हणजे आता पडद्याकडे बघून कुठली शिवण कुठल्या दिवसाची ते मलाच ओळखता येत नाही.

परवा पडदा टांगतायत. नाटक शनिवारी. पहिल्या रांगेत दोन जागा सांगून ठेवल्या आहेत. माझी खिडकी इतकी मळली आहे की पलीकडचं काही दिसत नाही. ये.

टाचणी


११ मे

टाचणे,

हे पत्र टपालाने येणार नाही. मशीनवर ठेवून जाते आहे. तू झोपली आहेस, तोंड उघडं टाकून. मी आणि कंपाउंडर सकाळच्या गाडीने निघतोय. उठवत नाही. मला निरोप घ्यायची सवय नाही आणि तुला रडायची फार आहे.

काल विचारत होतीस, नाटक कसं वाटलं. मी "बरं होतं" म्हटलं. आता खरं सांगते. नाटक मी पाहिलंच नाही.

पहिल्या रांगेत बसले आणि समोर तो पडदा. दिवे लागले. मी एका टोकापासून बघायला सुरुवात केली. एकेक चुणी, एकेक जोड. रंग असा की उठून हात फिरवावासा वाटला, पण पुढे दोरी बांधली होती. पट्टा दिसतो का शोधला, नाही. चौथा तुकडा कुठला तेही ओळखता येईना. डावीकडच्या एका जोडाला खाली टाका ओढला गेलाय, तेवढा उसवून परत घाल. अशी बघत बघत मी निम्म्यावर आले, तोच घंटा वाजली आणि त्यांनी पडदा उघडला! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला असा राग आला म्हणून सांगू. अरे, थांबा की जरा, मी बघतेय ना! मग नाटकभर तो परत कधी मिटतो याची वाट बघत बसले. मिटला तेव्हा उरलेला निम्मा पाहिला. लोक उठून गेले, झाडूवाली आली, कंपाउंडर म्हणाला, "मावशी, चला आता." म्हटलं, बस जरा. माझी बॉबिन संपायची आहे.

आता कामाचं. तुझ्या टेबलावर राजाचा झगा कापून पडलाय. व्यवस्थापक बाईंनी दिलेला दिसतो. कापलास, पण शिवायला घेतला नाहीस. आता कात्री सुटली तर सुईला घाबरायला लागलीस का? सुईत दोरा मी ओवला. पहिल्या फटक्यात. सुयांची नाकं परत मोठी केलेली दिसतात. एका बाजूची शिवण निम्म्यापर्यंत आणून मुद्दाम तिथेच सोडली आहे. अर्धवट शिवण कुणाला बघवत नाही. तू उठलीस की आपोआप बसशील.

दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतली आहे. या वेळी खिडक्या पुसणार नाही. आणि तो फाजील कंपाउंडर सगळं बोललाय, कंसातलंसुद्धा. ते खोटं आहे. मी फक्त त्याच्या बोटांचा आधार घेतला होता.

बॉबिन अर्धी आहे. आधी ती संपव. रडायचं ते मग.

आजी